ऊन, वारा आणि लाज : एका चळवळीचा इतिहास

युरोपात काही समुद्रकिनाऱ्यांवर विवस्त्र वावरण्यासाठी जागा राखून ठेवलेल्या असतात, हे आपल्याकडे बहुतेकांनी ऐकलेले असते. विषय निघाला की शिक्षकांच्या खोलीत हशा पिकतो, नाहीतर 'पाश्चात्त्यांची थेरं' असे म्हणून तो तेथेच संपवला जातो. पण या चळवळीची आज माहीत असलेली सर्वांत जुनी संघटना जर्मनीत किंवा फ्रान्समध्ये स्थापन झाली नव्हती. ती १८९१ साली आपल्या ठाण्यात स्थापन झाली. तिचा शेवट झाला तो संस्थापकाची रत्नागिरीला बदली झाल्यामुळे. आम्हा रत्नागिरीकरांना आपल्या गावाविषयी पुष्कळ गोष्टी ठाऊक असतात, ही मात्र सहसा नसते.

विज्ञानाच्या मासिकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याची दोन कारणे आहेत. एक म्हणजे अंगावर ऊन घेण्याने आरोग्य सुधारते, हा या चळवळीचा मूळ दावा होता आणि तो दावा विज्ञानाने कसा तपासला, ही कथा विद्यार्थ्यांना सांगण्याजोगी आहे. दुसरे म्हणजे शरीराविषयी मोकळेपणाने बोलणे हे आजही आपल्या वर्गांत अवघड जाते. त्या अवघडलेपणाची किंमत आपल्याआधी काही शिक्षकांनी मोजलेली आहे.

ठाण्याचे तिघे

चार्ल्स एडवर्ड गॉर्डन क्रॉफर्ड हे मुंबई इलाख्यातील मुलकी सेवेत जिल्हा व सत्र न्यायाधीश होते. मुंबईची मंडई ज्यांच्या नावाने ओळखली जात होती ते आर्थर क्रॉफर्ड वेगळे. हे क्रॉफर्ड विधुर होते आणि ठाण्याला नेमणुकीवर होते. १८९१ साली त्यांनी 'फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट' नावाची संस्था काढली. सुरुवातीला सभासद तीनच होते: ते स्वतः आणि एका मिशनऱ्याचे दोन मुलगे, अँड्र्यू आणि केलॉग काल्डरवुड. माथेरानच्या झाडीत हे तिघे सुट्टीचे दिवस विवस्त्र राहून काढीत.

तिघांच्या या संस्थेला बोधवाक्य होते, नियमावली होती. बोधवाक्य लॅटिन होते आणि त्याचा अर्थ 'निसर्गाचा विजय होवो' असा. नियम न्यायाधीशाने केलेले असल्यामुळे काटेकोर होते. शक्य असेल तेव्हा आणि योग्य असेल तेथे अंगावर एक चिंधीही असता कामा नये. मात्र अंगठी, चष्मा आणि दातांची कवळी यांना सूट! नग्नतेच्या समर्थनार्थ क्रॉफर्ड यांनी तीन प्रकारची कारणे मांडली होती. पहिले शारीरिक: कपडे हवामानापासून बचाव करण्यापुरते असावेत, उष्ण प्रदेशात त्यांचा भार निरर्थक आहे. दुसरे नैतिक: शरीर सतत झाकून ठेवल्यानेच खोटी लाज आणि विकृत कुतूहल निर्माण होते. तिसरे सौंदर्याचे: मानवी शरीर ही ईश्वराची श्रेष्ठ कृती आहे, तिच्याकडे आनंदाने पाहता यावे.

ही सगळी माहिती टिकली ती क्रॉफर्ड यांच्या पत्रांमुळे. इंग्लंडमधील विचारवंत एडवर्ड कार्पेंटर यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता. कार्पेंटर शेफील्डजवळ मिलथॉर्प येथे शेती करून साधेपणाने राहत. काश्मीरहून मित्राने पाठवलेल्या चपलांच्या नमुन्यावर ते स्वतः चपला बनवीत. यंत्रयुगातील माणूस निसर्गापासून तुटला आहे, त्याने कपडे, घर, अन्न सर्वच साधे करावे, असे त्यांनी १८८९ च्या आपल्या पुस्तकात मांडले होते. १८९०–९१ मध्ये ते श्रीलंका व हिंदुस्थान पाहून गेले होते. म्हणजे क्रॉफर्ड यांची कल्पना अगदीच लहरीतून आलेली नव्हती. त्या काळातल्या एका विचारप्रवाहाचा तो ओघळ होता.

या धाडसाचे मोल कळण्यासाठी तेव्हाचा साहेब उन्हाला किती भीत असे हे ध्यानात घ्यावे लागते. उष्ण कटिबंधातील सूर्यकिरण गोऱ्या माणसाच्या मेंदूला आणि पाठीच्या कण्याला इजा करतात, असे त्या वेळचे डॉक्टर सांगत. म्हणून भेंडाची सोला टोपी घातल्याशिवाय साहेब घराबाहेर पाऊल टाकीत नसे. काहीजण कण्यावरही जाड पट्टी बांधीत. अशा काळात एक सत्र न्यायाधीश टोपीसकट सर्व काही उतरवून ठेवतो, हे त्याच्या समाजाच्या दृष्टीने दुहेरी पाप होते.

१८९२ मध्ये क्रॉफर्ड यांची रत्नागिरीला बदली झाली. त्या काळी मुंबईहून रत्नागिरीला बोटीने जावे लागे. हद्दपार केलेल्या ब्रह्मदेशच्या थिबा राजालाही सरकारने येथेच आणून ठेवले होते. दूर ठेवण्याच्या माणसांसाठी हे गाव सोयीचे होते. माथेरान आणि दोन्ही साथीदार मागे राहिले आणि संस्था मोडली. १८९४ मध्ये क्रॉफर्ड वारले.

उन्हाची परीक्षा

क्रॉफर्ड यांच्या तीन कारणांपैकी नैतिक आणि सौंदर्यविषयक कारणे प्रयोगशाळेत तपासता येत नाहीत. पहिले मात्र तपासता येते. उघड्या अंगाला ऊन आणि हवा लागल्याने खरोखरच काही फायदा होतो का?

युरोपात असे मानणारे वैद्य आधीपासून होते. आर्नोल्ड रिक्ली या स्विस गृहस्थाने आजच्या स्लोव्हेनियातील ब्लेड सरोवराकाठी १८५० च्या दशकातच ऊन आणि हवा यांच्या 'स्नाना'चे आरोग्यधाम काढले होते. त्याच्यापाशी अनुभव होता, पुरावा नव्हता. पुरावा हळूहळू जमत गेला. १८७७ मध्ये इंग्लंडमध्ये डाउन्स आणि ब्लंट यांनी दाखवून दिले की सूर्यप्रकाशात ठेवलेल्या द्रावात जिवाणूंची वाढ थांबते. डेन्मार्कच्या नील्स फिनसेन यांनी प्रकाशकिरण एकवटून त्वचेच्या क्षयावर उपचार केले आणि त्याबद्दल त्यांना १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये लेझँ या डोंगरी गावात डॉ. ऑग्यूस्त रोलिए यांनी हाडांच्या क्षयाच्या रोग्यांसाठी सूर्यस्नानाचे रुग्णालय सुरू केले.

सर्वांत उद्बोधक कथा मुडदुसाची आहे. इंग्लंड-जर्मनीतील धुराने काळवंडलेल्या औद्योगिक शहरांत असंख्य मुलांची हाडे मऊ राहून पाय वाकत. १८९० साली, म्हणजे ठाण्यातील संस्थेच्या आदल्या वर्षी, थिओबाल्ड पाम या डॉक्टरांनी एक साधा पण विलक्षण अभ्यास प्रसिद्ध केला. ते जपानमध्ये वैद्यकीय मिशनरी म्हणून राहिले होते आणि तेथे त्यांना मुडदूस दिसला नव्हता. त्यांनी निरनिराळ्या देशांत काम करणाऱ्या मिशनरी डॉक्टरांकडून माहिती मागवली. जेथे ऊन भरपूर तेथे गरिबी आणि अस्वच्छता असूनही मुडदूस कमी; जेथे ऊन कमी तेथे खाणेपिणे बरे असूनही मुडदूस जास्त, असे चित्र दिसले. मुलांना उन्हात ठेवा, असा त्यांनी सल्ला दिला. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

मग १९१९ मध्ये बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांवर पाऱ्याच्या दिव्यातून निघणारे अतिनील किरण सोडले आणि क्ष-किरण चित्रांत त्यांची हाडे भरून येताना दिसली. यापुढची पायरी विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी. त्यांनी एकाच हातावर किरण टाकले, पण सुधारणा दोन्ही हातांच्या हाडांत झाली! याचा अर्थ किरण हाडावर थेट परिणाम करीत नव्हते. त्वचेत एखादे द्रव्य तयार होऊन ते रक्तावाटे सर्वत्र जात असले पाहिजे. ते द्रव्य म्हणजे ड जीवनसत्त्व. सूर्यप्रकाशातील सुमारे २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण त्वचेतील कोलेस्टेरॉलसारख्या एका रेणूचे कडे फोडतात आणि त्यातून हे जीवनसत्त्व घडते. या गटातील रसायनांवरील कामासाठी जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडोल्फ विंडाउस यांना १९२८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा निकाल नग्नतावाद्यांच्या बाजूचा होता, पण पुरता नव्हे. एका हातावरच्या किरणांनी काम भागत असेल तर सर्वांग उघडे करण्याची गरज उरत नाही. माशाच्या यकृताच्या तेलातूनही तेच जीवनसत्त्व मिळते. क्षयाच्या बाबतीत तर १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आले आणि सूर्यस्नानाची रुग्णालये ओस पडली. शिवाय तेच अतिनील किरण पेशींतील डीएनएला इजा करतात आणि त्वचेचा कर्करोग घडवू शकतात, हे पुढे सिद्ध झाले. ऑस्ट्रेलियासारख्या गोऱ्या वस्तीच्या, उन्हाच्या देशात १९८१ पासून अंग झाका, मलम लावा, टोपी घाला अशी मोहीम चालवावी लागली. साहेबाची सोला टोपी वेगळ्या कारणासाठी का होईना, परत आली म्हणायची.

आपल्याकडचे गणित आणखी निराळे आहे. रत्नागिरी सतरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे वर्षभर दुपारच्या उन्हात हे किरण पुरेसे असतात; उत्तर युरोपात हिवाळ्याचे कित्येक महिने ते जवळजवळ नसतात. पण आपल्या त्वचेतील मेलॅनिन हे किरण शोषून घेते, म्हणून आपल्याला त्याच उत्पादनासाठी अधिक वेळ उन्हात राहावे लागते. तरीही भारतातील शहरी लोकांत ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते. ऊन आहे, पण माणसे घरात, कचेरीत आणि काचेच्या आड असतात, आणि खिडकीची काच हे किरण अडवते. यावर उपाय म्हणजे बाहेर पडणे. त्यासाठी चेहरा, हात आणि पाय उघडे असले तरी पुष्कळ होते.

जर्मनीतील दोन वाटा

संघटित चळवळ म्हणून नग्नतावाद वाढला तो जर्मनीत. 'मुक्त शरीर संस्कृती' अशा अर्थाचे नाव तिने घेतले. १९०३ च्या सुमारास हँबुर्गच्या परिसरात पॉल त्सिमरमान यांनी तिच्यासाठी पहिले उद्यान उघडले. १९०६ मध्ये रिखार्ड उंगेविटर यांचे 'नग्नता' हे पुस्तक आले. १९२० साली सिल्ट बेटावर विवस्त्र स्नानासाठी अधिकृत किनारा झाला असे सांगितले जाते.

या चळवळीचे गुणगान करताना तिचा काळा भाग लपवणे योग्य होणार नाही. उंगेविटर आणि त्यांच्या आधीचे हाइनरिख पुडोर हे दोघेही कडवे वंशवादी होते. निरोगी, गोरे, 'शुद्ध' शरीर निवडून वंश सुधारावा, हे त्यांच्या नग्नतेमागचे उद्दिष्ट होते. कपडे उतरवले की माणसे समान होतात, असे चळवळीतले लोक म्हणत. प्रत्यक्षात कपड्यांखालच्या कातडीवरूनच माणसांना मोजणारे लोकही त्याच गर्दीत होते.

दुसऱ्या वाटेवर अडोल्फ कोख हे बर्लिनमधील शाळाशिक्षक होते. पहिल्या महायुद्धानंतरची उपासमार, दाटीच्या चाळी आणि मुडदूस झालेली कामगारांची मुले त्यांनी रोज पाहिली. पालकांच्या संमतीने त्यांनी मुलांकडून विवस्त्र व्यायाम आणि सूर्यस्नान करून घेतले. वर्तमानपत्रांत गदारोळ झाला आणि कोख यांना नोकरी सोडावी लागली. त्यांनी मग स्वतःच्या व्यायामशाळा काढल्या. तेथे डॉक्टरांची तपासणी असे आणि सभासद मुख्यतः कामगारवर्गातले असत. १९२९ मध्ये त्यांच्या पुढाकाराने बर्लिनमध्ये या विषयावरची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. मार्च १९३३ मध्ये गोअरिंग यांच्या हुकुमाने नग्नसंघांवर बंदी आली आणि कोख यांच्या शाळा बंद झाल्या. पुढे नाझींनी काही संघ आपल्या ताब्याखाली चालू दिले. हुकूमशहांना नग्नतेपेक्षा स्वतंत्र संघटनांची भीती अधिक असते, हा त्यातला धडा आहे. पूर्व जर्मनीतही १९५४ मध्ये बाल्टिक किनाऱ्यावर बंदी घालण्यात आली. लोकांनी ती मानली नाही आणि १९५६ मध्ये सरकारला नमते घ्यावे लागले.

इंग्लंडमधील मंडळींनी १९२२ मध्ये संस्था काढली तेव्हा नाव शोधताना त्यांना हिंदुस्थान आठवला. 'जिम्नोसॉफिस्ट' म्हणजे नग्न तत्त्वज्ञ, हा ग्रीक शब्द त्यांनी घेतला. सिकंदर इ. स. पूर्व ३२६ मध्ये तक्षशिलेपाशी आला तेव्हा त्याच्या माणसांना भेटलेल्या विवस्त्र तपस्व्यांसाठी ग्रीकांनी तो वापरला होता. पण साम्य येथेच संपते. दिगंबर जैन मुनी किंवा नाशिकच्या कुंभमेळ्यातले नागा साधू वस्त्र सोडतात ते संसार सोडल्याची खूण म्हणून. युरोपीय नग्नतावादी आठवड्याचे पाच दिवस काम करून सुट्टीत, कुटुंबासह, आनंदासाठी वस्त्रे सोडतो. एक संग सोडतो, दुसरा संघ काढतो.

मुरुडचे प्राध्यापक

मराठीत हा विषय मांडला तो रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे थोरले चिरंजीव १८८२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यात, मुरुड येथे जन्मले. ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवीत. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र निघाले होते, हे पाहिले म्हणजे कर्वे काळाच्या किती बरोबरीने चालत होते ते कळते. हा प्रचार आणि अध्यापन एकत्र चालणार नाही असे दिसल्यावर त्यांनी १९२५ मध्ये नोकरी सोडली.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवले. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र असे. ग्राहक ओढण्याची ही युक्ती आहे, असा आरोप होई. कर्व्यांची भूमिका क्रॉफर्ड यांच्या दुसऱ्या कारणाशी जुळणारी होती: झाकून ठेवल्याने कुतूहल विकृत होते, पाहण्याची सवय झाली की ते शमते. परदेशातील नग्नसंघांविषयीही ते अनुकूल लिहीत. त्यांची भाषा गणिताच्या सिद्धतेसारखी कोरडी होती, आणि चाळवण्यासाठी कोणी त्यांचे मासिक घेतले असेल तर दोन पानांत त्याची निराशाच झाली असेल.

न्यायालयाला ही भाषा कोरडी वाटली नाही. १९३१ मध्ये 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखाबद्दल त्यांना १०० रुपये दंड झाला. १९३४ मध्ये वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून दुसरा खटला झाला. शंका विचारणाऱ्याला अज्ञानात ठेवायचे नसेल तर उत्तर द्यावेच लागते, ही त्यांची चूक होती! या खटल्यात त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला आणि २०० रुपये दंड झाला.

तेव्हा अश्लीलतेची कसोटी १८६८ च्या 'हिकलिन' या इंग्लिश खटल्यातून आलेली होती. ज्यांचे मन बिघडू शकते अशांच्या हाती मजकूर पडला तर त्यांचे मन बिघडेल का, एवढेच पाहायचे. या कसोटीवर सर्वांत दुबळा वाचक हा सर्वांसाठी मोजपट्टी ठरतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्येही ती मान्य केली होती. २०१४ मध्ये टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याच्या वाग्दत्त वधूच्या विवस्त्र छायाचित्राच्या खटल्यात न्यायालयाने ती सोडून दिली आणि चित्राचा संदर्भ व समाजाची आजची धारणा पाहावी असे ठरवले. ते चित्र वर्णद्वेषाच्या विरोधात होते. केवळ नग्न आहे म्हणून चित्र अश्लील होत नाही, हे सिद्ध व्हायला कर्व्यांच्या दंडानंतर ऐंशी वर्षे लागली.

महाडचा डिसेंबर

येथे एका प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे. कपडे उतरवणे हीच मुक्ती असेल, तर ज्यांना पुरेसे कपडे घालूच दिले नाहीत त्यांचे काय?

त्रावणकोरात नाडर स्त्रियांना वरच्या जातींसमोर छाती झाकण्याची मनाई होती. त्याविरुद्धचा झगडा अनेक दशके चालला आणि १८५९ मध्ये सरकारला त्यांना अंग झाकण्याची मुभा द्यावी लागली. आपल्या कोकणातलेच उदाहरण घ्या. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह परिषद भरली, तेव्हा बाबासाहेबांनी दलित स्त्रियांना सांगितले की, तुमच्या लुगडे नेसण्याच्या पद्धतीवरून तुमची जात ओळखली जाते, तेव्हा घोट्यापर्यंत लुगडे नेसा. स्त्रियांनी ते लगेच मनावर घेतले. गुडघ्यापर्यंतचे लुगडे ही आवड नव्हती, ती लादलेली खूण होती.

'समाजस्वास्थ्य'चा पहिला अंक आणि महाडचे ते भाषण एकाच वर्षातले, आणि अंगभर लुगडे नेसा म्हणून सांगणारे बाबासाहेबच सात वर्षांनी कर्व्यांचे वकीलपत्र घेतात. वरवर पाहता हे उलटसुलट वाटेल. पण दोन्हींमागे एकच तत्त्व आहे: माझे शरीर झाकावे की नाही, त्याविषयी बोलावे की नाही, हे दुसऱ्याने ठरवू नये. क्रॉफर्ड यांना अंगरखा काढण्यात स्वातंत्र्य वाटले, कारण तो त्यांच्या खुंटीवर केव्हाही टांगलेला होता. त्याच वेळी ठाण्या-रत्नागिरीच्या खाचरांत लंगोटीवर राबणाऱ्या कुळाची नग्नता हे त्याच साहेबांच्या लेखी मागासलेपण होते. गांधीजींनी १९२१ मध्ये पंचा स्वीकारला तेव्हा हा फरक नेमका ओळखला. म्हणूनच 'अर्धनग्न फकीर' हे चर्चिल यांनी १९३१ मध्ये शिवीसारखे वापरलेले शब्द त्यांना लागले नाहीत.

आजची स्थिती

दुसऱ्या महायुद्धानंतर ही चळवळ संघांच्या कुंपणातून बाहेर पडून किनाऱ्यांवर आली. फ्रान्समध्ये लेव्हांत बेटावर डॉक्टर असलेल्या द्युरव्हील बंधूंनी १९३१ मध्येच वसाहत केली होती. १९५० मध्ये अटलांटिक किनाऱ्यावर माँतालिव्हे येथे मोठे केंद्र निघाले आणि १९५३ मध्ये तेथेच आंतरराष्ट्रीय महासंघाची स्थापना झाली. युगोस्लाव्हियाने परकीय चलनासाठी १९६१ मध्ये कोव्हेर्सादा येथे प्रचंड छावणी उघडली. ती आता क्रोएशियात आहे. ऑस्ट्रेलियात मॅस्लिन येथे १९७५ मध्ये, तर इंग्लंडमध्ये ब्रायटन येथे १९८० मध्ये नगरपालिकेच्या वादळी चर्चेनंतर असे किनारे झाले. स्पेनने १९८८ मध्ये कायदा बदलला. २०१७ मध्ये पॅरिसच्या एका उद्यानातही कोपरा राखला गेला.

या किनाऱ्यांचे नियम क्रॉफर्ड यांच्या नियमांची आठवण करून देतात: टक लावून पाहू नये, परवानगीशिवाय छायाचित्र घेऊ नये, बसताना स्वतःचा पंचा अंथरावा. लैंगिक वर्तनाला मज्जाव असतो. पण चळवळ आता म्हातारी होते आहे. जर्मनीतील मुख्य संघटनेची सभासदसंख्या गेल्या पंचवीस वर्षांत निम्म्याच्या आसपास आली आहे. प्रत्येकाच्या हातातल्या फोनमध्ये कॅमेरा आहे आणि क्षणात चित्र जगभर जाऊ शकते. शिवाय जाहिरातींतली घडीव शरीरे पाहून वाढलेल्या तरुणांना स्वतःचे साधे शरीर दाखवण्याची लाज वाटते. जी लाज पूर्वी धर्माने लावली, ती आता बाजार लावतो.

गोव्यात १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यांवर हिप्पी विवस्त्र वावरू लागले, तेव्हा गावकऱ्यांनी विरोध केला आणि पुढे मनाईचे फलक लागले. त्या विरोधाला केवळ संकुचितपणा म्हणणे अन्यायाचे आहे. रत्नागिरीचा मांडवी किंवा भाट्ये घ्या, नाहीतर गोव्याचा किनारा घ्या. येथे होडी ओढली जाते, जाळी सुकतात, मासळी वाळत घातली जाते, बायका टोपल्या घेऊन ये-जा करतात. हा किनारा कोणाच्या तरी कामाची जागा आहे. ब्रायटनला नगरपालिकेने चर्चा करून, मत देऊन आपल्या किनाऱ्याचा एक तुकडा राखला. गोव्यात पाहुण्यांनी यजमानाला विचारलेच नाही. आपल्याकडे सार्वजनिक जागी दुसऱ्याला उपद्रव होईल असे अश्लील कृत्य हा गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या २९४ कलमात होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या २९६ कलमात आहे.

रत्नागिरीला असा किनारा असावा, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. क्रॉफर्ड यांच्या तीन कारणांपैकी शारीरिक कारण विज्ञानाने अर्धे मान्य केले आणि अर्धे बाजूला ठेवले. सौंदर्याचे ज्याचे त्याने ठरवावे. नैतिक कारणाचा मात्र आपल्या वर्गाशी थेट संबंध आहे. शरीराविषयीचे अज्ञान आणि विकृत कुतूहल झाकण्याने वाढते, हे त्यातले खरे मर्म आहे. आणि ते दूर करण्यासाठी कपडे उतरवावे लागत नाहीत, तोंड उघडावे लागते. प्रजननसंस्थेचा धडा 'घरी वाचून या' म्हणून सोडून देणारे आपल्यात आजही कमी नाहीत. कोख यांनी नोकरी गमावली, कर्व्यांनी नोकरी सोडली आणि वर दंड भरला. आज तो धडा पाठ्यपुस्तकात छापलेला आहे आणि तो शिकवल्याबद्दल कोणी दंड करीत नाही. पुढच्या वेळी तो तास आला की फळ्यावर आकृती पूर्ण काढावी, भागांना त्यांची नावे द्यावीत, आणि मुलांनी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावे.